चौथी ओळ

जुन्या मशीनवर जिनपाल मगदूमांचा भरवसा नव्यापेक्षा जास्त होता. नवं मशीन कधी, कुठं दगा देईल सांगता येत नाही; जुनं रोज त्याच जागी तेवढंच चुकतं. "चूक ठरलेली असली की तिच्याशी संसार करता येतो," असं ते म्हणत. शिरोली एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची म्हातारी मशिनं तरणी करून दिली होती. वय एकसष्ट, डोक्यावर केस कमी आणि मतं भरपूर.

कुंभोजकरांचं मिलिंग मशीन ट्रेलरवरून उतरलं, तेव्हा ते पाहून भंगारवाल्यानंही नाक मुरडलं असतं. पस्तीस वर्षांचं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या कंट्रोलवर चालणारं, सहा टन वजन. कंट्रोलचा पडदा काळा पडलेला, आतली कार्डं जळालेली, आणि टेबल ज्यावर सरकतं तो बेड मधोमध झिजून खोलगट झालेला, कारण सगळ्यांनी जन्मभर कापायचे तुकडे, म्हणजे जॉब, मधोमधच बांधलेले. व्हॉल्व्ह बनवणारे कुंभोजकर घाम पुसत म्हणाले, "मगदूम अण्णा, हे जगतंय का बघा. न्हाईतर कापून टाकतो."

"आधी चहा घ्या. कापायची घाई कुणाला हाय?" अण्णा म्हणाले, आणि बेडवरून बोटं फिरवायला लागले.

शेडमध्ये कामाची वाटणी ठरलेली होती. लोखंड अण्णांचं, वीज पद्मजाची. पद्मजा त्यांची एकुलती एक लेक, वय बत्तीस. आई जाऊन सात वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून बापलेक एकमेकांवर खेकसत, एकमेकांना जपत, सुखानं राहत होते. इंजिनिअरिंगची पदवी असून पद्मजा कोल्हापूरच्या रीतीनं "मी येतो, मी जातो" असंच बोलायची. पुण्याच्या पाहुण्यांना त्याची गंमत वाटे, तिला मात्र पाहुण्यांची.

अण्णांनी बेडला हात घातला. सरफेस प्लेट म्हणजे अचूक सपाट लोखंडी पाट; तिला निळा रंग लावायचा, ती बेडवर घासायची. जिथं उंचवटा असेल तिथं निळा लागतो, तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. परत निळा, परत खरवड. असे तीन आठवडे. आणि बेड आरशासारखा सपाट करण्याची विद्या हातात असूनही शेवटी त्यांनी तो सपाट केला नाही. मधोमध अगदी किंचित पोट ठेवलं. जिथं जास्त झिजणार तिथं आधीच थोडं जास्त लोखंड सोडायचं, म्हणजे चार-पाच वर्षं वापरल्यावर बेड खरा सपाट होतो. जुने फिटर हे न बोलता करत आलेत.

"तुम्ही उद्याची झीज आज धरताय," पद्मजा म्हणाली. "माझा कंट्रोल तेच करतोय की. फक्त रोज."

तिचा कंट्रोल म्हणजे काय, ते सांगायला हवं. जुन्या मशीनच्या टेबलाला तीनशे मिलिमीटरवर जा म्हटलं, तर ते तीनशेच्या पुढं बारा मायक्रॉन जाऊन थांबतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. ही चूक लेसरनं मोजून तक्त्यात लिहून ठेवली, की कंट्रोल टेबलाला बारा मायक्रॉन अलीकडेच थांबवतो. यालाच भरपाई म्हणतात आणि ती पूर्वीपासून आहे. पण तो तक्ता लेसरवाला आला त्या दिवसाचा. मशीन पुढं झिजत राहतं आणि तक्ता आहे तिथंच राहतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत शिकणारे कंट्रोल आले होते. पद्मजानं तसलाच एक या मशीनसाठी जुळवला. तो मोटरींना किती वीज लागते ते बघे, लोखंडाची बारीक थरथर ऐके, आणि झालेली चूक कुठून आली ते आपलं आपण हुडकून काढे. चुकीच्या प्रत्येक उगमाला पडद्यावर एक ओळ. त्या ओळीत आजवरची झीज, आणि पुढं येणाऱ्या दिवसांची झीजही, तारीखवार. लोखंड लहरी नसतं, कालच्या चालीनंच उद्या झिजतं, म्हणून हे साधतं. चूक व्हायच्या आधीच तिची भरपाई तयार असायची. एखादी चूक भरपाईच्या पलीकडं जाणार असेल, तर त्या तारखेला ओळ संपे आणि पुढं दोन शब्द येत: भाग बदला.

कंट्रोल शिकावा म्हणून मशीन चार महिने इथंच चालवायचं ठरलं. कुंभोजकरांचे व्हॉल्व्ह इथंच कापले जाऊ लागले. रोज सकाळी पद्मजा भवानी करायची. या शेडचा हा जुना रिवाज: उभ्या राहिलेल्या मशीनचं हँडव्हील पहिल्यांदा लेकीनं फिरवायचं. ती पाच वर्षांची असताना अण्णा तिला स्टुलावर उभी करून फिरवायला लावत. आता रोज आठला चप्पल बाहेर काढून ती मशीनला हळदकुंकू लावी, तळहाताएवढं चाक हळूहळू फिरवून टेबल मापाच्या मास्टर ठोकळ्याला टेकवी, पडद्यावर शून्य आलं की नमस्कार करी. मग अण्णा येत आणि दिवसाचं काम सुरू होई.

दुसऱ्या महिन्यात पडद्यावर आलं, की वाय अक्षाचं बेअरिंग अकरा तारखेला बदला. अण्णांनी बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं, मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं.

"ठणठणीत हाय. तुझ्या कंट्रोलला म्हणावं, चाळीस वर्षं झाली मला ऐकायला लागून."

अकरा तारखेला दुपारी पावणेतीनला बेअरिंग किंचाळलं. अण्णांनी स्पॅनर उचलला. गुपचूप नवं बेअरिंग बसवलं आणि त्या दिवसापासून कंट्रोलचा शब्द त्यांनी मानायला सुरुवात केली. माणूस हट्टी असला तरी अडाणी नव्हता.

आणि मग चौथी ओळ आली.

मशीनला अक्ष तीन: एक्स, वाय, झेड. पडद्यावर त्यांच्या ओळींखाली एका संध्याकाळी चौथी उमटली. तिला नाव नव्हतं, नुसता चारचा आकडा. चूक पाऊण मायक्रॉन. पुढच्या तारखांना एक, सव्वा, दोन, अशी चढत गेलेली, आणि पुढच्या साली एकवीस ऑक्टोबरला तेच दोन शब्द.

"ही कुणाची?" अण्णांनी विचारलं.

पद्मजा पडद्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. "उन्हाची असेल. पत्र्याचं शेड आहे."

"अक्ष तर तीनच हायत."

"त्याला मी तसं कुठं सांगितलंय? त्याला जे सापडतंय ते तो लिहितोय."

फिटरचा तपास एकाच पद्धतीनं चालतो: संशय असलेल्यांना एकेक करून सोडून द्यायचं. अण्णांनी भर उन्हात आणि गार सकाळी आकडे ताडले. कूलंटचा पंप बंद ठेवला, शेजारच्या पॉवर प्रेसची धडधड बंद असताना बघितलं. चौथ्या ओळीत रोज संध्याकाळी मशीन बंद करताना त्या दिवसाची खरी चूक भरली जायची, आणि ती बरोब्बर आधी लिहिल्याप्रमाणे निघायची. शेवटी त्यांनी तिच्यावर बोट दाबलं. आत दोनच नोंदी होत्या. मशीन आपलं आपण चालताना: शून्य. हातानं चालवताना: सगळं.

त्यांनी हात मागं घेतला. मशीन हातानं चालवतो कोण? जॉब बांधल्यावर हँडव्हील फिरवून कड धरतो तो मीच की!

"पद्मा," त्यांनी त्या दिवशी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या कंट्रोलला माणूस कळतो का गं?"

"नाही." ती ताटात बघत म्हणाली. "त्याला माणूस माहीतच नाही. जी चूक ठेक्यानं येती आणि रोज थोडी थोडी वाढती, तो त्याच्या लेखी झिजणारा भाग." एवढं बोलून तिनं वर बघितलं, ते थेट त्यांच्या हातांकडं. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडून घाईनं तोंडात टाकला.

त्यानंतरचा दीड महिना त्या घरात चमत्कारिक गेला. अण्णा दिवसातून दहादा हात पसरून बघू लागले. कधी वाटे थरथरतात, कधी वाटे छे, उगीच. लेकीसमोर मात्र हात खिशात. भीती त्यांना मरणाची नव्हती. ज्या हातांनी निळ्याच्या ठिपक्याएवढं लोखंड उचललं, ते हात उद्या पाण्याचा तांब्या सांडतील, याची होती. आणि आपण सांडलेलं पाणी पुसायला ही पोरगी इथंच अडकून पडेल, याची त्याहून जास्त.

पद्मजाही बदलली होती. त्यांना चहा अर्धाच कप भरून द्यायची. जड स्क्रेपर फळीवरून नाहीसा झाला; विचारलं तर म्हणाली, धार लावायला दिलाय. पुण्याच्या एका कंपनीनं तिला कंट्रोलच्या कामासाठी बोलावलं होतं, गणपती झाले की ती जाणार होती. एका दुपारी तिनं फोन लावला आणि येत नाही म्हणून कळवून टाकलं.

"का गं?"

"मला इथंच बरं वाटतंय."

अण्णा तिला चार शब्द सुनावणार होते, पण त्यांना आतून आनंद झाला, आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली की ते उठून बाहेर गेले.

शेवटी ते राजारामपुरीतल्या मेंदूच्या डॉक्टरकडं गुपचूप गेले. डॉक्टरांनी बोटं नाकाला लावायला सांगितली, गोल काढायला लावले, चालवलं, वळवलं. "साठीनंतर असे हात असतील तर मलाच तुमच्याकडं कामाला ठेवा," ते हसत म्हणाले. "काही झालेलं नाही."

दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. अण्णांना वाटलं, बेअरिंग बघून मीही असंच म्हणालो होतो. डॉक्टरच्या कानाला अजून ऐकू येत नाही, एवढंच.

त्यांनी फिटरचाच उपाय केला. ज्याच्यावर संशय, तो भाग काढून बाजूला ठेवायचा. "दहा दिवस बाहुबलीला राहतो जाऊन," ते पद्मजाला म्हणाले. "जरा मन लागंना झालंय." जॉब एकाच जातीचे होते, जॉब पकडणारं फिक्स्चर बांधलेलंच होतं, रोज कड धरायची गरज नव्हती, मशीन आपलं आपण चालणार होतं. बाहुबलीच्या डोंगरावर ते पहाटे पायऱ्या चढत, दर्शन घेत, दुपारी झाडाखाली बसत. आपला हात मशीनवर नाही, म्हणजे ओळ थांबली असणार. परत गेल्यावर दहा मोकळे रकाने दिसतील, खात्री पटेल, मग पोरीला सांगून टाकू आणि पुण्याला धाडू. एवढं सगळं त्यांनी ठरवलं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी नऊला ते शेडमध्ये आले. पिशवी खाली न ठेवता पडद्यासमोर गेले.

दहाही रकाने भरलेले होते. आधी लिहिल्याप्रमाणे, शेवटच्या आकड्यापर्यंत.

त्यांना एकदम हलकं वाटलं. माझा नाही! एकसष्ट वर्षांच्या माणसाला नाचता येत नाही म्हणून, नाहीतर ते नाचले असते. मागं पद्मजा येऊन उभी राहिली. तीही पडद्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अण्णा, म्हणजे तुमचा हात नव्हे," ती म्हणाली. "दोन महिने मी रोज मरत होतो. तुम्हाला सांगू कसं, म्हणून."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. हाताचा ठेका आहे म्हणून. मला वाटलं, तुमचा. म्हणून तर पुण्याला नाही म्हटलं."

"येडी का खुळी तू!" अण्णा हसायला लागले. ती पण. दोघं बराच वेळ हसली. मग डोळे पुसत अण्णांनी विचारलं, "मग मी नसताना हँडव्हीलला हात कुणी लावला?"

"कुणीच नाही. जॉब तोच, फिक्स्चर तेच. आपोआप चालू होतं. कुणी लावायचा हात?" ती अजून हसत होती. "भवानी सोडली तर कुणी..."

तिचं वाक्य तिथंच थांबलं. बाहेरून ट्रक गेला, पत्रे वाजले, थांबले. भवानी म्हणजे देवाचं काम. मशीन चालवणं म्हणून ती या शेडमध्ये कुणी कधी धरलीच नव्हती.

अण्णांना तिच्याकडं बघवेना. तिनं मात्र आपला उजवा हात वर घेऊन पालथा-उलथा बघितला, नवीन आणलेली वस्तू बघावी तसा.

"दिसत तर काही नाही," ती म्हणाली.

"काही नसंल. यंत्र हाय ते, चुकतं."

"बेअरिंगला चुकलं होतं?" ती खुर्चीवर बसली आणि हात टेबलावर सैल सोडून दिला. "डायल लावा, अण्णा."

"पद्मा, डॉक्टरकडं जाऊया. आत्ताच्या आत्ता."

"जाऊया की. डॉक्टर काय सांगणार, ते तुम्ही ऐकून आलाय. राजारामपुरीची पावती तुमच्या शर्टात सापडली मला. आधी डायल लावा."

चुंबकाच्या स्टँडवर त्यांनी मायक्रॉन मोजणारा काट्याचा डायल बसवला. आधी स्वतःच्या बोटाला लावला. काटा हलला, पण कसाही, मनाला येईल तसा. जिवंत माणसाचं बोट म्हटल्यावर तो हलणारच. मग त्यांनी टोक तिच्या बोटाच्या नखावर हळूच टेकवलं. काटा एका बाजूला गेला, परत आला, गेला, परत आला. सेकंदाला पाच वेळा, दर वेळी तेवढाच. त्यांनी श्वास धरला, स्टँड घट्ट केला, मशीनचा मेन स्विचही बंद केला. काटा आपला चालूच.

पद्मजा काट्याकडं बघत नव्हती, त्यांच्याकडं बघत होती.

"किती?"

चाळीस वर्षांत त्यांनी डायल खोटा वाचला नव्हता. गिऱ्हाईक रागावलं तरी नाही, धंदा बुडायची वेळ आली तरी नाही. आज वाचावा असं त्यांना इतकं मनापासून वाटलं की जीभ जड झाली. शून्य म्हणायचं. एकच शब्द. पोरगी आज जेवेल, झोपेल.

"सहा," ते म्हणाले. "आणि ठेक्यात हाय."

तिनं मान हलवली. रडली नाही. तिचं डोकं कामाला लागलेलं त्यांना दिसलं. "पण अण्णा, टेबल तर रोज शून्यावरच येत होतं. माझा हात चुकत होता, तर मला कळलं कसं नाही?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. तिचा हात जेवढा पुढं जायचा, तेवढं कंट्रोल टेबलाला अलीकडं थांबवायचा. तो त्याच्या कामात तरबेज होता. त्यानं तिची प्रत्येक चूक भरून काढली होती आणि तिलाच ती दिसू दिली नव्हती. असेच चौदा महिने तो तिला शून्य दाखवत राहिला असता, आणि एकवीस ऑक्टोबरला थांबला असता.

"चौथीची भरपाई बंद करा," ती म्हणाली. "मला माझी चूक बघू दे."

अण्णांनी मेन चालू केला. ती ओळ दाबली, भरपाई काढून टाकली. पद्मजानं चप्पल काढली आणि हँडव्हील धरलं. टेबल नेहमीसारखं सरकत आलं, ठोकळ्याला टेकलं आणि अगदी किंचित पुढं गेलं. डोळ्याला दिसण्याजोगं काहीच नव्हतं. पडद्यावर शून्याच्या जागी दोन मायक्रॉन; बोटाचे सहा चाकातून टेबलावर उतरताना दोनच उरले होते.

चौथ्या ओळीत आजच्या तारखेखाली दोन महिन्यांपूर्वी लिहिलेला आकडा होता. तोही दोन.

शेडमध्ये पत्र्यावरून ऊन उतरत होतं. मशीन शांत उभं होतं. त्यात वैर नव्हतं की माया नव्हती, ते फक्त बरोबर होतं.

"त्यानं भाग बदला म्हणून सांगितलंय," पद्मजा चाकावरचा हात न काढता म्हणाली. "अण्णा, असं सांगितलेला भाग न बदलता तुम्ही कधी मशीन चालवलंय का?"

अण्णांनी डायल स्टँडवरून काढून पेटीत ठेवला.

"जन्मभर दुसरं काय केलंय गं? ज्याचा भाग कुठं मिळत न्हाई तेच मशीन लोक माझ्याकडं आणत्यात." ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "टेबल मागं घे. चाक आवळून धरू नको, बोटांच्या टोकांनी धर. शून्य यायच्या आधी थांब, श्वास सोड, आणि मग टेकव."

तिनं टेबल मागं घेतलं. थांबली, श्वास सोडला, टेकवलं. पडद्यावर दोन आलं.

"परत," अण्णा म्हणाले.